पडद्यावरची माती आणि बाल्कनीतली माती

पत्र:

"नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिल्पकला शिकायची फार इच्छा आहे, पण कॉलेज आणि संध्याकाळची नोकरी यांतून वर्गाला जाणं जमत नाही. म्हणून आठ महिने मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतेय. एका परदेशी शिल्पकाराचं बघून आजीचं डोकं करायला घेतलं. गणपतीतली उरलेली शाडूची माती होती, आत तारेचा सांगाडा केला, सगळं त्यांच्यासारखंच. चौथ्या दिवशी नाकापासून मानेपर्यंत भेग गेली. घाईघाईने प्लास्टरचा साचा घेतला, तर तो नखाने खरवडला तरी भुगा पडतो. मला माती, प्लास्टर, दगड, लाकूड, फायबर सगळंच करून बघायचं आहे. ऑनलाइन कुठलं साहित्य भरवशाचं? माझ्याकडे ६ बाय ४ फुटांची बाल्कनी आहे आणि महिन्याला १००० रुपये."

उत्तर:

भेग का पडली ते आधी सांगतो, कारण ऑनलाइन साहित्य कसे पारखायचे याचे उत्तर त्या भेगेतच आहे.

तारेच्या सांगाड्यावर आठवडेच्या आठवडे डोके घडवणारे परदेशी शिल्पकार बहुतेक वेळा तेलातली माती वापरतात. मेण, तेल आणि बारीक पूड यांचे ते मिश्रण. त्यात पाणी नसते, म्हणून ते वाळत नाही आणि आकसतही नाही. सहा महिन्यांनी त्याच डोक्याचा कान बदलता येतो. तुझी शाडू ही पाण्यातली माती. पाणी उडाले की मातीचे कण एकमेकांजवळ सरकतात आणि नुसत्या वाळण्यात माती साधारण ५ ते ८ टक्के आकसते. २३ सेंटिमीटर उंचीच्या डोक्यात हा फरक सुमारे १.२ ते १.८ सेंटिमीटरचा होतो. आतली तार मात्र तसूभरही आकसत नाही. माती आत ओढली जाते, तार तिला अडवते, आणि जिथे जाडी एकदम बदलते तिथे माती फाटते. नाकाचा उंचवटा आणि मानेचा अरुंद भाग या नेमक्या तशाच जागा.

म्हणजे तुझ्या हाताने काही बिघडवले नाही. त्या शिल्पकाराने पदार्थाचे नाव सांगितलेही असेल, पण पहिल्या दहा सेकंदांत, किंवा खालच्या वर्णनात नुसते एका ब्रँडचे नाव. म्हणून कुठलाही व्हिडिओ सुरू करण्याआधी पदार्थ शोध. 'वॉटर-बेस्ड क्ले' म्हणजे पाण्यातली, 'ऑइल-बेस्ड क्ले' म्हणजे तेलातली, 'एअर-ड्राय' म्हणजे न भाजता कडक होणारी आणि 'पॉलिमर क्ले' म्हणजे घरच्या ओव्हनमध्ये पक्की होणारी प्लास्टिकची लगदी. या चौघींचे नियम एकमेकींना लागू पडत नाहीत. पदार्थ कळला नाही तर तो व्हिडिओ फक्त आकार बघायला वापर, कृती म्हणून नको. दुसरी गोष्ट वेळेची. काटछाट केलेल्या व्हिडिओत "आणि आता हे वाळले आहे" या एका वाक्यात दहा दिवस गेलेले असतात. वाळवणे, भिजवणे, झाकणे हे दाखवणारा चाळीस मिनिटांचा कंटाळवाणा व्हिडिओ तुला चार मिनिटांच्या देखण्या व्हिडिओपेक्षा जास्त शिकवेल. तिसरी खूण मापाची: जो माणूस ग्रॅम, मिलिमीटर आणि अंश बोलतो त्याच्यावर भरवसा ठेव; "थोडेसे घ्या, अंदाजाने घाला" म्हणणाऱ्याचा हात तरबेज असेल, पण तो हात पडद्यातून तुझ्यापर्यंत येत नाही.

आता आजी पुन्हा कर. डोके अर्ध्या मापाचे घे. उंची निम्मी केली की माती आठवा हिस्सा लागते. पूर्ण मापाच्या डोक्याला मानेसह १५ ते २० किलो ओली माती लागते; अर्ध्या मापाला अडीच-तीन किलो पुरते आणि ते एकटीला उचलताही येते. मग पहिल्याच दिवशी ठरव की हे डोके भाजायचे आहे की त्याचा साचा काढायचा आहे. दोन्ही वाटा तिथेच वेगळ्या होतात.

साचा काढायचा असेल तर शाडू चालेल, सांगाडाही चालेल, पण साचा निघेपर्यंत माती एकदाही वाळता कामा नये. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा एक फुटी चौकोनी पाट घे. मध्यभागी फ्लँज, म्हणजे पाइप बसवायची चकती, स्क्रूने आवळून अर्धा इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपचा ८ इंचांचा तुकडा उभा कर आणि त्याच्या टोकावर ३ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम तारेचे दोन अंडाकृती वेढे एकमेकांना काटकोनात बांध. आतल्या पोकळीत लाकडाच्या दोन चिपा फुलीसारख्या बांधून बारीक तारेने लटकव. याला बटरफ्लाय म्हणतात. ओल्या मातीचा गोळा स्वतःच्या वजनाने खाली घसरू लागतो तेव्हा ही फुली त्याला धरून ठेवते. व्हिडिओतला हा भाग बहुतेक जण न बघताच पुढे जातात आणि तिसऱ्या दिवशी आजीची हनुवटी छातीला टेकते. साधी लोखंडी तार वापरू नकोस. ती गंजते आणि गंज मातीतून प्लास्टरवर उतरतो.

काम थांबवलेस की पंपाने पाण्याचा फवारा, त्यावर ओला सुती फडका, त्यावर प्लास्टिकची पिशवी खालून घट्ट बांधलेली. फडका नाकावर टेकू नये म्हणून पाटाच्या कोपऱ्यांत चार काड्या उभ्या कर. मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हा फवारा दिवसातून दोन-तीनदा लागेल. पावसाळ्यात एकदा पुरतो, पण फडका एक दिवसाआड धुवावा लागतो, नाहीतर बुरशी धरते.

भाजायचे असेल तर शाडू बाजूला ठेव. ती वाळवून रंगवायच्या मूर्तींची माती. कुंभारवाड्यात जाऊन लाल माती घे आणि ती आधी कुठल्या भट्टीत भाजतात तेही तिथेच विचारून घे. मातीत विटेची चाळलेली पूड घाल, मातीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी. कण रव्याएवढे असू देत. ही पूड आधीच भाजलेली असल्याने आकसत नाही आणि आतला ओलावा बाहेर यायला वाट ठेवते. माती चांगली तिंब. सांगाडा नको. एका काठीवर वर्तमानपत्राचा घट्ट गोळा बांधून त्यावर डोके उभे कर, आणि माती चामड्याइतकी आवळली, म्हणजे बोट दाबले तर ठसा उठेल पण बोटाला चिकटणार नाही, की काठी खालून ओढून काढ. मग तारेने टाळू टोपीसारखी कापून उचल, कागद काढ आणि आतून कोरत भिंत सगळीकडे दीड ते दोन सेंटिमीटरवर आण. कापलेल्या कडांवर आडव्या-उभ्या रेघा ओढ, मातीची दाट लापशी लाव आणि टोपी परत बसव. मानेखालचे तोंड उघडे राहू दे.

इथे ऑनलाइन जगातला एक पक्का गैरसमज आडवा येतो: "मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून काम भट्टीत फुटले." फोडते ते पाणी. माती वरून कोरडी दिसते पण आत ओल असते. भट्टी १०० अंशांच्या पुढे गेली की त्या पाण्याची वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते, आणि जाड भिंतीतून तिला तेवढ्या वेगाने बाहेर पडता येत नाही. त्यामुळे पातळ भिंत आणि पूर्ण वाळवण हे दोनच उपाय. वाळले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नकोस. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज त्याच वेळी वजन कर आणि वहीत लिही. सलग तीन दिवस आकडा बदलला नाही की माती वाळली. भट्टी ज्याची असेल त्याला सांग की पहिले दोन-तीन तास ९०-९५ अंशांवर रेंगाळू दे आणि ५७३ अंशांच्या आसपास, चढताना आणि उतरताना, घाई नको. त्या तापमानाला मातीतली गारगोटी एकदम आकार बदलते आणि सरळ, स्वच्छ कडांच्या चिरा पडतात. लाल मातीला ९५० ते १००० अंश पुरेसे आहेत.

अमेरिकन कृती वाचताना 'कोन' हा शब्द दिसेल. भट्टीचे तापमान मोजण्याच्या सुळक्यांचे ते क्रमांक आहेत. 'कोन ०६' म्हणजे सुमारे १००० अंश आणि 'कोन ६' म्हणजे १२२० च्या वर. आधीचे शून्य वाचायचे राहिले तर लाल माती वितळून भट्टीच्या फरशीला चिकटते.

प्रत्येक नव्या मातीची एक पट्टी आधी कर: १२ सेंटिमीटर लांब, ४ रुंद, १ जाड. ओल्या पट्टीवर नेमकी १० सेंटिमीटरची रेघ ओढ. वाळल्यावर ती ९.४ भरली तर आकस ६ टक्के, भाजल्यावर ९.१ भरली तर एकूण ९ टक्के. मग भाजून साडेअकरा सेंटिमीटरचे डोके हवे असेल तर ११.५ भागिले ०.९१, म्हणजे ओले डोके १२.६ सेंटिमीटरचे करायचे. कुठल्याही संकेतस्थळावरचा आकडा या पट्टीपेक्षा मोठा नाही, कारण ही तुझी माती आहे.

तुझ्या भुसभुशीत साच्याकडे येतो. बहुधा तीनपैकी एक झाले आहे: पाणी जास्त पडले, प्लास्टर जुने होते, किंवा घट्ट होऊ लागल्यावर तू पुन्हा ढवळलेस. परदेशी व्हिडिओत "दोन कप प्लास्टर, एक कप पाणी" सांगतात. कपात पूड किती दाबून भरली यावर सगळे बदलते, म्हणून वजन कर. १ लिटर पाण्याला १.४ ते १.६ किलो प्लास्टर. नेहमी पाण्यात प्लास्टर, प्लास्टरमध्ये पाणी कधीच नाही. मुठीने चाळल्यासारखे भुरभुरव. पाण्यावर कोरडी बेटे दिसून ती बुडेनाशी झाली की थांब. दोन मिनिटे हात लावू नकोस, पूड पाणी पिऊ दे. मग हात तळाशी ठेवून, बुडबुडे न करता, दोन-तीन मिनिटे ढवळ. दह्याएवढे दाट झाले की ओतायची वेळ. त्यानंतर ढवळलेस तर जुळू लागलेले स्फटिक तुटतात आणि नेमका तुला मिळाला तसला भुगा हातात येतो.

बांधकामाच्या दुकानातले पीओपी लवकर आवळते, १० ते १५ मिनिटांत. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी गरम असते, त्याने ते आणखी लवकर आवळते. माठातले पाणी घे. भांड्यात आधीच्या वेळचे कडक तुकडे राहिले असतील तर तेही नव्या प्लास्टरला घाई करतात. उलट पावसाळा खाल्लेले प्लास्टर आवळतच नाही. पोत्यातली पूड हवेतली ओल ओढून हळूहळू मरते. दर वेळी ५० ग्रॅम पूड ३५ मिलिलिटर पाण्यात कालवून वाटीत ठेवून बघ: अर्ध्या तासात गरम होऊन नखाला दाद देईनासे झाले तर ठीक, नाहीतर ते पोते साच्याला वापरू नकोस. किलो-दोन किलोच घे आणि झाकणाच्या डब्यात ठेव.

डोक्यासाठी फोडून काढायचा साचा कर, ज्याला 'वेस्ट मोल्ड' म्हणून शोधशील. पहिला थर ५ मिलिमीटर, त्याच्या पाण्यात कपड्याची नीळ घातलेली. त्यावर पांढरा थर २ सेंटिमीटर, मध्ये काथ्या किंवा गोणपाटाच्या पट्ट्या. शेवटी छिन्नीने साचा फोडताना निळा रंग दिसला की समजायचे, आजीचा गाल आता ५ मिलिमीटरवर आहे. आतली माती काढल्यावर साचा धुऊन घे, साबणाचे दाट पाणी तीन वेळा लावून दर वेळी फेस पुसून काढ, मगच आत प्लास्टर भर. साबण राहिला तर मूर्तीच्या पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि कमी पडला तर साचा सुटत नाही.

एक सक्त सूचना. हाताचा किंवा पायाचा ठसा घ्यायला अवयव प्लास्टरमध्ये बुडवण्याचे व्हिडिओ फिरतात. घट्ट होताना जाड प्लास्टर ६० अंशांपर्यंत तापते आणि तोपर्यंत हात बाहेर काढता येत नाही. इंग्लंडमध्ये शाळेच्या वर्गात असे करताना एका मुलीची बहुतेक बोटे गेली. अवयवाचा ठसा अल्जिनेटमध्येच घ्यायचा, दातांचे डॉक्टर वापरतात त्यात. आणि प्लास्टरचे हात मोरीत धुवू नकोस. बादलीत धू, रात्रभर गाळ बसू दे, वरचे पाणी कुंडीला, गाळ कचऱ्यात. मोरीच्या पाइपात ते पाण्याखालीही घट्ट होते.

आता कुठे बघायचे ते. तुला वाटते त्यापेक्षा थोडी ठिकाणे पुरतात.

मातीच्या शंकांसाठी 'डिजिटलफायर' हे संकेतस्थळ. इंग्रजीत आहे, रूक्ष आहे, पण भेगांचे प्रकार, आकस, तापमान, कच्च्या मालाची माहिती यांसाठी त्याच्या तोडीचे फुकट साहित्य आम्हाला माहीत नाही. भारतीय कामाच्या पद्धती बघायला आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाचे 'डी-सोर्स' उघड. तिथे देशातल्या कारागिरांची हस्तकौशल्ये फोटोंसह एकेका टप्प्याने नोंदवलेली आहेत, मातीकाम आणि मेण वितळवून केलेले धातूचे ओतकामही. साधने आपल्याकडची, नावे आपल्याकडची, त्यामुळे बाजारात जाऊन मागताही येतात. मेणाच्या ओतकामाचा क्रम नीट समजायला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे साहित्य चांगले आहे. घरी करायला नव्हे. काशाचा रस ११०० अंशांच्या आसपास ओततात आणि साच्यात थोडी ओल राहिली तरी तो उसळतो.

आकार शिकायला शिल्पांच्या त्रिमितीय प्रती, म्हणजे पडद्यावर फिरवून बघता येणारे थ्रीडी स्कॅन. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने २०२० साली आपला मोठा संग्रह कुणालाही वापरायला खुला केला, त्यात त्रिमितीय प्रतीही आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या प्रती 'स्केचफॅब' या संकेतस्थळावर आहेत, आणि 'स्कॅन द वर्ल्ड'वर जगभरच्या हजारो शिल्पांच्या. मोबाईलवर नुसते गरगर फिरवून काही होत नाही. एक डोके घे, समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, वरून आणि हनुवटीखालून असे सहा वेळा थांबव आणि प्रत्येकाचे दहा मिनिटांचे रेखाटन कर. हनुवटीखालून डोके बघणे हे आपल्या डोळ्यांना सवयीचे नसते आणि नवशिक्याच्या शिल्पात नेमका तोच भाग सपाट असतो. 'ब्लेंडर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ही प्रत उघडून मधोमध काप घेता येतो, उंची-रुंदी मोजता येते. प्रतीत खोल घड्या बुजलेल्या असतात आणि पदार्थाचा पत्ता लागत नाही, हे लक्षात ठेवून वापर. ब्लेंडरमधली मूर्ती कधी कलंडत नाही, तुझी कलंडेल.

पदार्थ विकत घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरून दोन कागद उतरवून घे: तांत्रिक माहितीपत्रक आणि सुरक्षा माहितीपत्रक. सुरक्षेच्या पत्रकात ठरलेले १६ भाग असतात. चौथ्या भागात प्रथमोपचार आणि आठव्यात कुठला मास्क, कुठले हातमोजे ते लिहिलेले असते. या दोन भागांना दहा मिनिटे दे. तांत्रिक पत्रकात असल्या गोष्टी सापडतात ज्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. उदाहरणार्थ, काही तेलातल्या मातींत गंधक असते आणि त्यांच्यावर प्लॅटिनम सिलिकॉन (साचे घ्यायचा रबरासारखा पदार्थ) ओतले तर ते कायम चिकट राहते. लेटेक्सच्या हातमोज्यांनीही तसेच होते. हे आधी वाचले की एका वेळच्या महागड्या सिलिकॉनचे पैसे वाचतात.

आणि बडोद्याचेच साहित्य. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० साली सुरू झाली आणि तिथला शिल्पविभाग शंखो चौधुरींनी उभा केला. ज्योती भट्ट यांनी टिपलेली त्या काळातली छायाचित्रे 'एशिया आर्ट आर्काइव्ह'च्या बडोदा संग्रहात घरबसल्या बघता येतात. पदार्थ या शब्दाचा अर्थ किती पसरतो ते बघायला मृणालिनी मुखर्जींचे काम शोध. त्या इथेच शिकल्या आणि तागासारख्या दोराच्या गाठी मारत माणसाहून उंच मूर्ती उभ्या केल्या. २०१९ साली न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या (मेटच्या) 'मेट ब्रॉयर' या शाखेत त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, त्याची छायाचित्रे मेटच्या संकेतस्थळावर आहेत. हजार रुपयांत आणि बाल्कनीत बसेल असा हा पदार्थ आहे, आणि तुझ्या यादीत तो नव्हता.

दगड आत्ता घेऊ नकोस. बांधकामाचा एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटची मोठी वीट, घे, रात्रभर पाण्यात भिजव आणि जुन्या पटाशीने, कानसेने कोर. कोरताना ओलाच ठेव. त्याच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. एन-९५ मास्क लाव, बाल्कनी झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. मातीच्या वाळलेल्या कचऱ्यालाही हाच नियम. ब्लॉकवर दोन-तीन कामे झाली की ध्रांगध्र्याच्या वालुकाश्माचा तुकडा शोध. तो ठिसूळ ब्लॉकसारखा ढासळत नाही, छिन्नी कुठल्या कोनात धरायची ते शिकवतो.

लाकडात शिवण या झाडाचे लाकूड घे; मऊ असते, फारशी तडकत नाही. ओंडक्याचा मधला गाभा असलेला तुकडा टाळ, भेग तिथूनच निघते. पटाशी रोज परजावी लागते, आणि परजण्याचे व्हिडिओ कोरीवकामाच्या व्हिडिओंच्या आधी बघ.

फायबर, म्हणजे काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे काम, घरी करू नकोस, हे आम्ही ठामपणे सांगतो. पॉलिएस्टर रेझिनचा वास बाल्कनीतून शेजाऱ्यांच्या घरात जातो, आणि तो नुसता वास नाही, स्टायरीनची वाफ आहे. कापडी मास्क किंवा एन-९५ तिला अडवत नाही. त्याहून मोठा धोका बाटल्यांचा. दुकानात रेझिनसोबत कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारे) आणि हार्डनर (घट्ट करणारे) अशा दोन बाटल्या देतात. त्या दोघी थेट एकत्र आल्या तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचे, मगच हार्डनर, रेझिनच्या एक ते दोन टक्के. किती व्हिडिओंत हे न सांगताच ओतलेले दिसते. एखाद्या मोकळ्या कार्यशाळेत, करणाऱ्याच्या शेजारी उभी राहून शिक.

पडद्याला एक जोड हवीच. महिन्यातून एक रविवार सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये जा. बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेल्या जैन ब्राँझ मूर्ती बघ, शक्य असेल तिथे बाजूने आणि मागून. डोळ्यांत जडवलेली चांदी, वस्त्राची घडी किती उथळ आहे आणि तरी कशी दिसते, हे कुठल्याही छायाचित्रातून कळत नाही. परतताना काळ्या घोड्याला, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला, एक पूर्ण प्रदक्षिणा घाल, आठ ठिकाणी थांबून. घोड्याचे वजन कुठल्या पायांवर आहे आणि स्वार ते कसे तोलतो, ते प्रत्येक ठिकाणाहून वेगळे दिसेल.

फुटलेल्या आजीची माती टाकू नकोस. पूर्ण वाळू दे, कारण कोरडी माती पाण्यात आपोआप विरघळते आणि अर्धवट ओली माती गोळेच धरून बसते. हातोडीने फोडून बादलीत पाणी भरून त्यात टाक, दोन दिवस ढवळू नकोस. वरचे पाणी ओतून दे, गाळ जुन्या चादरीवर पसर, आणि पोळीच्या कणकेएवढी घट्ट झाली की तिंबून पिशवीत भर. या मातीला मात्र प्लास्टरचे कण लागलेले आहेत. भाजायच्या मातीत असा एक कण गेला तरी नंतर तो ओल पिऊन फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. म्हणून या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव: फक्त साच्यासाठी.